उपायाची पिल्लं

आमच्या जुन्नर-आंबेगावात यंत्राला नाही म्हणायची रीत नाही. ठिबक आलं, लावलं. मल्चिंग पेपर आला, अंथरला. शेततळ्याला प्लास्टिक, द्राक्षबागेवर प्लास्टिक, फवारणीला ड्रोन. कृषी प्रदर्शनात जे जे मांडलेलं असतं ते वर्ष-दोन वर्षांत आमच्या कुणाच्या तरी बांधावर येतंच. त्यातलं काही चालतं. काही तिसऱ्या वर्षी गोठ्यावर दिसतं, वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून वजनाला ठेवलेलं. म्हणजे उपयोग होतोच. तेव्हा शेतकऱ्याला तंत्रज्ञानाची भीती वाटते वगैरे लिहिणाऱ्या मंडळींनी एकदा सीझनमध्ये नारायणगावच्या टोमॅटो मार्केटला यावं. एका हातात दोन मोबाईल आणि तिसरा कानाला, असा माणूस तिथे कॅरेटवर बसलेला हमखास सापडतो.

शिवाय जगातली एक नावाजलेली रेडिओ दुर्बीण आमच्याच तालुक्यात, खोडदला आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जीएमआरटी. तीस अँटेना, एकेकीचा व्यास ४५ मीटर. या भागात रेडिओलहरींचा गोंगाट कमी म्हणून ही जागा निवडली. (लग्नसराईत आमच्याकडचा डीजे ऐकलेल्या माणसाला हे पटणार नाही, पण तो गोंगाट वेगळा.) या दुर्बिणीला त्रास नको म्हणून पुणे-नाशिक रेल्वेचा मार्गसुद्धा बदलायचं ठरलं. २०२३ साली तर बातमी आली की ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दूरच्या आकाशगंगेतून निघालेली हायड्रोजनची खूण खोडदच्या नोंदीत सापडली. गावात पेढे वाटले नाहीत, पण अभिमान सगळ्यांना वाटला.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनाला, तिथे जत्रा भरते. शाळांच्या गाड्या येतात, आम्हीही जातो. आमचे आबा, म्हणजे माझे चुलते, एकदा बरोबर होते. एक तरुण संशोधक मोठ्या उत्साहानं समजावून सांगत होता. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी आठशेऐंशी कोटी वर्सांमागं काय झालं ते तुमाला कळतं?"

"हो बाबा."

"मंग परवा दुपारी आमच्याकडं गारा पडतील का, तेवढं सांगा. काढणी थांबलीय."

त्या पोरानं हात जोडले. म्हणाला, "बाबा, ते खातं शिवाजीनगरला."

आबा त्याच्यावर रागावले नाहीत. परतताना म्हणाले, पोरगं प्रामाणिक आहे, आपल्या खात्याचं नाही ते सांगितलं तरी. दुसरा असता तर अ‍ॅप दिलं असतं.

अ‍ॅप मात्र आबांना द्यायला घरातच माणूस आहे. माझा पुतण्या हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये. शनिवारी गावी येतो आणि हवामान बदलावर बोलतो. त्याच्या मते काळजीचं कारण नाही, सगळ्यावर टेक्नॉलॉजी येतेय. येतेय हे खरं आहे. मी तिची वाटच पाहत असतो. फक्त इतकी वर्षं या मुलखात राहिल्यावर एक सवय लागली आहे: ती आली की तिच्या मागून काय येतंय ते आधी बघायचं.

हवामान बदललं हे आम्हाला पटवून द्यायला आता कुणाच्या व्याख्यानाची गरज नाही. पूर्वी पावसाळा म्हणजे चार महिने, आणि बाकीच्या आठ महिन्यांत आकाशाकडे फक्त लग्नाचे मंडपवाले बघायचे. आता बारा महिने सगळेच बघतात. दिवाळीनंतर द्राक्षाच्या फुलोऱ्यात पाऊस आला की डावण्या रोग, मणी भरताना आला की मणी तडकतात. २०२५ साली तर पावसानं मृगाची वाटसुद्धा पाहिली नाही, रोहिणीतच आला. २६ मे रोजी मान्सून मुंबईत. १९५०पासूनच्या नोंदींत तो इतक्या लवकर कधी आला नव्हता. त्याआधीचा मे महिनाही ओलाच. कांदा शेतात, आंबा झाडावर आणि नवरदेव घोड्यावर असताना ही मंडळी एकदम भिजली.

अशा वेळी आमच्याकडे अंदाजांची टंचाई नसते. पंचांगात नक्षत्राचं वाहन दिलेलं असतं: बेडूक, म्हैस, हत्ती असले तर पाऊस चांगला, मेंढा-कोल्हा असले तर बेतानं. पुतण्याच्या मोबाईलवर ढगाचं चित्र आणि खाली "४० टक्के". व्हॉट्सअ‍ॅपवर एक हवामान अभ्यासक, तारीखवार आणि जिल्हावार. आबा तिन्ही ऐकतात आणि शेवटी पश्चिमेकडच्या डोंगराकडे बघून ताडपत्री काढतात. पुतण्या चिडतो. त्याचं म्हणणं, ४० टक्के ही शास्त्रीय गोष्ट आहे. आबांचं म्हणणं, असेल, पण ताडपत्री ४० टक्के टाकता येत नाही. एक तर टाकायची नाही तर नाही.

आता यात चूक कुणाचीच नाही, हे मीही मान्य करतो. हवामान खात्याचे अंदाज पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारले आहेत आणि बेडकाचे आहेत तिथेच आहेत. गंमत आहे ती मोजमापाची. महावेध नावाच्या प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली आहेत, दोन हजारांच्या वर. एक खांब, त्यावर फिरणाऱ्या वाट्या, पाऊस मोजायचं भांडं, भोवती तारेचं कुंपण. पाऊस किती, वारा किती, तापमान किती, सगळं आपोआप वर जातं. फळबागेचा विमा त्या आकड्यावर ठरतो. यंत्र खोटं बोलत नाही. ते जिथे उभं आहे तिथे जो पाऊस पडला तोच सांगतं. आणि आमच्याकडचा पाऊस असा की रस्त्याच्या या अंगाला बांध फुटतात आणि त्या अंगाला धूळ उडते. एका मंडळात गावं किती आणि डोंगर किती! यंत्राच्या गावात चार थेंब पडले की आमच्या शिवारातला ढगफुटीचा पाऊस कागदावर पडलेलाच नसतो. मी एका माणसाला केंद्राच्या कुंपणाशी उभं राहून वर बघत म्हणताना ऐकलं आहे, "पड की रं जरा हितं बी."

पीकविम्याचा आणखी एक नियम होता: नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवायचं, अ‍ॅपवर. आबांचा कांदा पाण्यात गेला तेव्हाची गोष्ट. पाऊस झाला की आमच्याकडे आधी लाइट जाते, मग टॉवर जातो, मग रस्ता जातो. राहतो तो फक्त नियम. पुतण्या मोबाईल घेऊन देवळाच्या कळसाजवळ चढला, कारण तिथे दोन काड्या रेंज येते. अ‍ॅप म्हणालं, शेतात उभे राहून फोटो काढा. शेतात रेंज नाही. शेतात फोटो काढून देवळावर आला तर अ‍ॅप म्हणालं, तुम्ही शेतात नाही. मग एकदाची कुठूनशी रेंज आली, फोटो चढला, आणि उत्तर आलं की प्रकाश अपुरा आहे. ढग होते ना! ढग नसते तर फोटोच कशाला काढला असता? शेवटची पायरी ओटीपीची. तो गेला आबांच्या जुन्या बटणांच्या फोनवर, आणि तो फोन पावसात भिजल्यामुळे काकूनं तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलेला. डबा उपसून फोन काढेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. त्या दिवशी तांदूळ तेवढा निवडून झाला.

मोजमापाबद्दल एवढं हसून झाल्यावर एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती हसण्याची नाही. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला. १५१ माणसं गेली. त्या वेळी उपग्रह आकाशात होते, रडार होते, वेधशाळा होती. गाव जागेवर नसल्याची पहिली खबर दिली ती नेहमीच्या फेरीला निघालेल्या एसटीच्या चालकानं. त्याला थांबा दिसला नाही. पुढे गाव नव्या जागी वसवलं, २०१७ साली लोक राहायला गेले, आणि पहिल्याच पावसात तिथेही ठिकठिकाणी भराव खचला, तडे गेले. आता जुलैत अतिवृष्टीचा इशारा मोबाईलवर वेळेवर येतो. लाल, नारिंगी, पिवळा. डोंगराखालच्या माणसानं तो वाचून नेमकं कुठे जायचं, हा मजकूर त्या रंगात बसत नाही.

आता उपायांकडे येतो. आमचे दोन्ही तालुके म्हणजे उपायांचं कोठारच.

पूर्वी इथे पाण्याचं दुर्भिक्ष. पाऊस सगळा घाटमाथ्यावर, पूर्वेची गावं कोरडी. उपाय निघाला: कुकडी प्रकल्प. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि घोड नदीवरचं डिंभे. ज्या गावाच्या नावानं आंबेगाव तालुका ओळखला जातो ते गावच डिंभ्याच्या पाण्याखाली गेलं. तालुका राहिला, गाव गेलं. सरकारदरबारी नाव टिकलं की बरंचसं काम झालेलं असतं. पण खोटं कशाला बोलू, धरणांनी आमचं भलं केलं. कॅनॉलला आवर्तन सुटलं की माणसाच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते दुसऱ्या कशानं येत नाही. आज जुन्नरचा टोमॅटो आणि द्राक्षं दिसतात ती त्या पाण्यावर.

पाण्यामागून ऊस आला. उसामागून साखर कारखाने आले, जुन्नरला विघ्नहर, आंबेगावला भीमाशंकर. आणि उसामागून, कुणी न बोलावता, बिबट्या आला. आमच्याकडे त्याला वाघच म्हणतात. उंच, दाट, वर्षभर उभं असलेलं, पाण्याशेजारचं, कुत्री-शेळ्यांच्या वस्तीला लागून असलेलं इतकं सोयीचं जंगल त्याला भीमाशंकरच्या अभयारण्यातही मिळालं नसतं. त्यानं विचार केला आणि स्थलांतर केलं. आता त्याच्या कित्येक पिढ्या उसात जन्मल्या. तोडणी सुरू झाली की पाचटात पिल्लं सापडतात. मग वनखात्याची आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राची माणसं येतात, पिल्लांना टोपलीत घालून रात्री त्याच जागी ठेवतात आणि आई येऊन घेऊन जाते. मी जेव्हा जेव्हा कुणाच्या तोंडून "यावर उपाय सापडलाय" असं ऐकतो, तेव्हा मला ती टोपली आठवते. उपायाला पिल्लं होतात. आणि ती नेमकी तोडणीच्या वेळी दिसतात.

पुढची पिढी ऐका. बिबट्या आला म्हटल्यावर उपाय निघाला: पिंजरा लावा, पकडा, लांब जंगलात नेऊन सोडा. ऐकायला किती साफ! विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नरचा हा हिशोब नंतर मांडला. बिबटे उचलून दुसरीकडे सोडायच्या आधीच्या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे. ती मोहीम सुरू झाल्यावर ते सतरावर गेले. परक्या मुलखात सोडलेलं, बिथरलेलं जनावर काय करणार? उपाय चांगल्या मनानं केलेला, गाड्या सरकारी, पिंजरे मजबूत, आणि चाराचे सतरा.

मग पुढचे उपाय. सौर कुंपण. भोंगे. कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे, जे बिबट्याचं अंग ओळखतात आणि गावाला सावध करतात. कल्पना उत्तम आहे. एकच अडचण: भोंगा वाजला की लोकांनी घरात जायचं असतं. प्रत्यक्षात अर्धा गाव मोबाईल घेऊन बाहेर येतो. कृत्रिम बुद्धिमत्तेला बिबट्या ओळखता येतो, माणूस अजून ओळखता आलेला नाही.

२०२५च्या नोव्हेंबरात आमच्या शेजारी, शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला, लोक गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होते. तिथे लहान मुलांचे जीव गेले होते, त्यामुळे त्या पट्ट्यांवर विनोद करायची माझी तयारी नाही. पण कृत्रिम बुद्धिमत्ता ते खिळ्यांचा पट्टा हा प्रवास काही आठवड्यांत झाला, हे टिपून ठेवायला हरकत नसावी. डिसेंबरात तर वनमंत्री गणेश नाईक यांनी भरपाईवर एक कोटी घालवण्यापेक्षा तेवढ्या शेळ्या जंगलात सोडू, असा विचार मांडला. शेळीला चार्जिंग लागत नाही, हे तिच्या बाजूनं म्हणावं लागेल. पण उसातला बिबट्या शेळ्या खायला घाटावर परत जाईल, ही अपेक्षा म्हणजे नारायणगावचं पोरगं पुण्याहून पुन्हा बैल हाकायला येईल म्हणण्यासारखी.

या सगळ्यात हवामान बदल कुठे आला? सौर पंपात आला. जगाला सौरऊर्जा हवी ती पृथ्वीचं तापमान वाढू नये म्हणून. आमच्याकडे ती हवी असते रात्रीच्या वाघासाठी. थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. आणि रात्रीच्या आठवड्यात उसाला पाणी भरायला जायचं म्हणजे बायको दारात उभी राहते. म्हणून आमच्या मोर्चातली कायमची मागणी: दिवसा लाइट द्या. "मागेल त्याला सौर कृषी पंप" अशी योजना २०२४मध्ये आली, दहा टक्के हिस्सा भरायचा. अर्ज करताना एकाला विचारलं, पर्यावरणासाठी का? तो म्हणाला, "व्हय. माझं पर्यावरण म्हंजी मी आन् माझी दोन पोरं." पॅरिस करार झाल्यापासून जगातल्या मोठमोठ्या परिषदांना जे जमत नाही ते जुन्नरच्या बिबट्यानं करून दाखवलं: शेतकऱ्याच्या तोंडून सौरऊर्जेची मागणी. मात्र दिवसा पाणी फुकटात मिळू लागल्यावर विहिरीतलं पाणी किती दिवस टिकेल, हे पिल्लू अजून पाचटात आहे.

उसाचंच बोलायचं तर इथेनॉल. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलं की प्रदूषण कमी, परदेशी चलन वाचलं, कारखान्याला पैसा, शेतकऱ्याला दर. हवामानावरचा असा चौफेर उपाय शोधून सापडणार नाही. मग २०२३ साल आलं. देशातला ऑगस्ट शंभर वर्षांहून जास्त काळात झाला नव्हता इतका कोरडा गेला, ऊस कमी येणार असं दिसलं, आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. नंतर थोडी सैल केली, पण झटका बसायचा तो बसला. म्हणजे हवामान बिघडू नये म्हणून जो उपाय होता, तो हवामान बिघडल्यामुळे थांबला. आबांना हे सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, "छत्री भिजू नये म्हणून घरात ठेवली म्हण की."

पुतण्याचा मुद्दा असा की मी फक्त फसलेल्या गोष्टी सांगतो. तसं नाही. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टनं उसात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली, जमिनीतले सेन्सर आणि उपग्रह मिळून पाणी-खत किती द्यायचं ते सांगतात, आणि पाणी खरंच वाचतं असं वापरणारे म्हणतात. राज्य सरकारनंही २०२५मध्ये शेतीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ५०० कोटींचं धोरण आणलं. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रातली माणसं तर आमच्या घरच्यासारखी. तिथल्या सल्ल्यानं बाग वाचलेली मी पाहिली आहे. ठिबक नसतं तर आम्ही कधीच पुण्याला सिक्युरिटीत भरती झालो असतो. यंत्रानं आजचा दिवस निभतो, याबद्दल भांडण नाही. भांडण आहे ते यंत्र पुढचं शतकही निभावून नेईल म्हणून आज काही करायला नको, असं कुणी म्हणालं की. आणि ते म्हणणारा सहसा एसी गाडीतून उतरलेला असतो.

जगातले उपायही मी पुतण्याकडूनच ऐकतो. आइसलँडमध्ये हवेतून कार्बन शोषून घेणारे पंखे आहेत. ओर्का नावाचा पहिला मोठा कारखाना २०२१मध्ये सुरू झाला, क्षमता वर्षाला चार हजार टन. मी शिक्षक होतो, त्रैराशिकाची खोड जात नाही. कोळसा-तेल जाळून जग वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडतं. भागाकार केला तर सेकंदाला अकराशे टनांच्या वर. म्हणजे तो कारखाना वर्षभर पूर्ण क्षमतेनं राबला तर जगाचा साडेतीन सेकंदांचा धूर गिळणार. २०२४मध्ये त्याचा थोरला भाऊ आला, मॅमथ. तो अर्ध्या मिनिटाचा. आमच्याकडे लग्नात आहेर म्हणून अकरा रुपये देणारे एक पाहुणे होते, त्यांचं नाव वहीत मात्र ठळक लिहावं लागे.

दुसरा उपाय कृत्रिम पावसाचा. तो महाराष्ट्राला नवा नाही. २००३ला झाला, २०१५ला औरंगाबादेतून विमानं उडाली. पुण्याच्या आयआयटीएमनं सोलापूरकडे शास्त्रशुद्ध प्रयोग केले आणि पाऊस सरासरी अठरा टक्क्यांनी वाढवता येतो असं निघालं. हे प्रामाणिक काम आहे. त्यातली अट लहान अक्षरात आहे: ढग तुमचा. तो नसेल तर विमान नुसतंच उडतं. दुष्काळात नेमका तोच नसतो.

आणि पवनचक्क्या. वीसेक वर्षांपूर्वी सांगली-साताऱ्याकडे लोक म्हणत होते की पवनचक्क्या ढग हाकलतात, म्हणून पाऊस नाही. शास्त्रज्ञांना ते पटलं नाही आणि मलाही पटत नाही. पण भीमाशंकरच्या अभयारण्याच्या पलीकडे, खेडच्या डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या करताना डोंगर फोडून रस्ते केले, झाडं गेली, राडारोडा खाली शेतात-धरणात उतरला, याची दखल माधव गाडगीळांच्या पश्चिम घाट समितीनं २०११च्या अहवालात घेतली. झाडं वाचवण्यासाठी वीज, विजेसाठी पवनचक्की, पवनचक्कीसाठी रस्ता, रस्त्यासाठी झाडं. शेकरूला हा हिशोब कुणी समजावला असेल, देव जाणे.

त्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी बांधवांचं अर्धं वर्ष बाळहिरड्यावर चालतं. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानं तो झाडून नेला. वादळाचा मार्ग उपग्रहानं आधी दाखवला होता, अगदी अचूक. नुकसानभरपाईचा मार्ग तेवढा कुठल्या उपग्रहाला दिसला नाही. त्यासाठी मोर्चे, उपोषणं, सगळं वर्षानुवर्षं चाललं.

अलीकडे आमच्याकडे कार्बन क्रेडिटवाला येऊन गेला. कंपनी कुठली ते जाऊ द्या. तरुण, टापटीप, गळ्यात ओळखपत्र. समाजमंदिरात बैठक भरली. त्यानं पडद्यावर एक झाड दाखवलं, त्याच्यात शिरणारे बाण दाखवले, मग बाहेर पडणाऱ्या नोटा दाखवल्या. बाणांपर्यंत लोक शांत होते.

"म्हणजे बघा," तो म्हणाला, "तुमचं झाड हवेतला कार्बन खातं. तेवढं क्रेडिट आम्ही परदेशातल्या कंपनीला विकणार."

मागून एकानं विचारलं, "ती कंपनी काय करते?"

"उदाहरणार्थ, विमान कंपनी असू शकते."

"मंग ती विमानं कमी उडवणार?"

"नाही, तशीच उडवणार. पण तुमच्यामुळे ती हरित उडणार."

काकू पदर सावरून म्हणाल्या, "आन् आमच्या जांभळानं त्यांचा धूर गिळायचा?"

"हो, बरोबर समजलात काकू."

"त्याला विचारलंय का?"

तो हसला. चांगला मुलगा होता. मग त्यानं करारनामा काढला. चाळीस वर्षं झाड तोडायचं नाही, उपग्रहावरून लक्ष राहील, झाड वाळलं तर कळवायचं, अ‍ॅपवर. आबांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. त्यांनी चष्मा लावून कागद दोन्ही बाजूंनी पाहिला.

"चाळीस वर्षं मी हाय, आसं धरून चालू," ते म्हणाले. "तुमची कंपनी चाळीस वर्षं ऱ्हाईल, ह्ये कुठं लिवलंय?"

त्यानं कागद चाळला. तसं कलम नव्हतं. साहेबांना विचारून कळवतो म्हणाला.

"आन् मधीच वादळानं झाड पडलं तर?"

तेही विचारून कळवतो म्हणाला. वहीत लिहून घेतलं.

"बिबट्या झाडावर बसला आन् फोटो काढाया जाता आलं नाही तर ७२ तास कुठून धरायचं?"

हा प्रश्न मात्र त्यानं लिहून घेतला नाही. चहा आला, तो त्यानं घेतला, आणि निघताना मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की येणेऱ्याच्या हापूसची पेटी इथे थेट मिळेल का, पुण्यात फार महाग पडते. मी म्हटलं, मिळेल, पण यंदा अवकाळीनं निम्मा गेला, भाव विचारून कळवतो.